सतरा सप्टेंबर आणि मतपेटी

हैदराबाद : काचीगुडा रेल्वेस्थानकाची घुमटांची इमारत १९१६ सालची, सातव्या निजामाच्या कारकिर्दीतली. मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे मराठी माणसाला हे नाव परिचित आहे. याच काचीगुडा परिसरात ऑगस्ट १९४८ मध्ये, २१ आणि २२ तारखेच्या मधल्या रात्री, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. हैदराबाद संस्थानाने भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले होते. त्यांच्या मृत्यूला चार आठवडेही उलटले नव्हते, तोच १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

या दिवसाचे नाव काय असावे, यावर आजही एकमत नाही. महाराष्ट्र तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून पाळतो. केंद्र सरकार २०२२ पासून ‘हैदराबाद मुक्तिदिन’ साजरा करते. तेलंगण सरकारने त्याच वर्षी त्याला ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले, तर २०२४ मध्ये सत्तांतरानंतर ‘प्रजापालन दिन’. नावांच्या या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो : त्या दिवशी राजाची सत्ता गेली हे खरे, पण ती प्रजेच्या हाती आली केव्हा?

ती लगेच आली नाही. आधी मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी राज्यपाल झाले. जानेवारी १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्रिपदी नेमले गेले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्ण राव यांच्या रूपाने लोकनियुक्त मुख्यमंत्री आला. कालपर्यंत सशस्त्र लढा देणारे कम्युनिस्टही लोकशाही आघाडीच्या नावाने त्या विधानसभेत विरोधी बाकांवर बसले. मधला काळ निष्कलंक नव्हता. पोलीस कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात किमान २७ ते ४० हजार माणसे बळी पडल्याचा अंदाज सुंदरलाल समितीने नोंदवला होता. मुक्तीचा सोहळा करताना रझाकारांचे अत्याचार जसे आठवावेत, तसे हेही आठवायला हवे.

आश्चर्य असे, की या स्थित्यंतरात निजाम कुठेच गेले नाहीत. १९५६ पर्यंत ते राजप्रमुख होते. परंतु २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने त्यांनी भारताची राज्यघटना स्वीकारली होती. ती घटना त्यांनी दिलेली नव्हती, म्हणून ती परत घेणेही त्यांच्या हाती नव्हते.

नेपाळची कहाणी नेमकी येथे वेगळी होते. १९५१ मध्ये राणांची सत्ता संपली, तेव्हा राजे त्रिभुवन यांनी संविधान सभेचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात १९५९ मध्ये राजे महेंद्र यांनी स्वतःच घटना बहाल केली. निवडणूक झाली, बी. पी. कोइराला बहुमताने पंतप्रधान झाले आणि डिसेंबर १९६० मध्ये राजाने त्यांना तुरुंगात टाकले. तीस वर्षांची पंचायत राजवट, १९९० चे जनआंदोलन, १९९६ पासून दशकभराचा माओवादी संघर्ष, एवढे सोसल्यावर २००८ मध्ये संविधान सभा निवडली गेली आणि २८ मे रोजी राजेशाही संपली. जनतेच्या प्रतिनिधींनी घडवलेली घटना २०१५ साली अमलात आली. तिच्यावरील असंतोष तीव्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उद्रेकापुढे ओली सरकार कोसळले. तरीही हंगामी सूत्रे माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे गेली, राजवाड्याकडे नाही.

गोमंतकीयांना हा क्रम परका नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज गेले, कँडेथ लष्करी राज्यपाल झाले, आणि भाऊसाहेब बांदोडकरांचे लोकनियुक्त सरकार दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये आले. पहिली तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते. दुसरी किती जणांना सांगता येईल?

सिंहासन रिकामे करण्यास फौज किंवा आंदोलन पुरते. ते पुन्हा भरले जाऊ नये यासाठी मतपेटी लागते, आणि राज्यकर्त्याला न रुचणारे छापण्याची मोकळीकही. शोएबुल्ला खान यांना ती मोकळीक मिळाली नाही. सतरा सप्टेंबरला कोणतेही नाव द्यावे. मात्र त्या दिवशी काचीगुड्याच्या या संपादकाचे नाव घेतले जाते का, हेही पाहावे.