विश्लेषण : एका फटक्याची मोटार, विम्याच्या अटी आणि गिंडीचा निकाल

चेन्नई : गिंडी येथील 160 एकर 86 सेंट जागेचा ताबा तामिळनाडू सरकारने 9 सप्टेंबर 2024 रोजी घेतला, तेव्हा बातम्यांमध्ये प्रामुख्याने मद्रास रेस क्लब आणि त्याची थकबाकी होती. वर्षाला 614 रुपये भाड्याने 1945 मध्ये 99 वर्षांसाठी दिलेली ही जागा, 730 कोटी 86 लाख रुपये भरण्याचा मद्रास उच्च न्यायालयाचा मार्च 2023 चा आदेश, आणि पुराचे पाणी साठविण्यासाठी तेथे तलाव खोदण्याचा सरकारचा निर्णय, यांवरच चर्चा झाली. घोड्यांच्या धावपट्टीच्या आत मद्रास जिमखाना क्लबचे गोल्फ मैदान आहे आणि त्या क्लबलाही न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला, याकडे चेन्नईबाहेर फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या मैदानाचा विचार एका वेगळ्या कारणासाठीही व्हायला हवा. देशभरातील गोल्फ स्पर्धांत आता प्रायोजकाची नवी कोरी मोटार एखाद्या होलजवळ उभी केलेली असते. चेंडू पहिल्याच फटक्यात खळग्यात गेला, म्हणजे ‘होल-इन-वन’ झाला, तर मोटार खेळाडूची, अशी पाटी तिच्यावर लागते. मोटार देण्याची वेळ आलीच तर तिची किंमत बहुधा आयोजक किंवा प्रायोजक भरत नाही, विमा कंपनी भरते. हा व्यवहार पैज आहे, बक्षीस आहे की विमा, हा प्रश्न कौशल्य आणि नशीब यांच्या सीमेवरचा आहे. ती सीमा भारतीय कायद्यात ठळक झाली ती गिंडीच्याच खटल्यात.

मद्रास रेस क्लबचा कारभार ताब्यात घेण्यासाठी राज्य सरकारने 1986 मध्ये कायदा केला होता. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1996 मध्ये तो रद्द ठरविला. घोड्यांच्या शर्यतीत यश मुख्यत्वे कौशल्यावर अवलंबून असते, म्हणून ती जुगार नव्हे, असे त्या निकालाने सांगितले. पुढे ऑनलाइन रमी आणि फँटसी खेळांच्या कंपन्यांनी याच निकालाचा आधार वर्षानुवर्षे घेतला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पुसून टाकला. त्यात कौशल्य असो वा नशीब, असे खेळ चालविण्यास बंदी आली. मैदानावरच्या खेळांना तो कायदा लागू नाही. तेथे 1996 चा निकष अजूनही उभा आहे.

होल-इन-वन या निकषावर चमत्कारिक ठरतो. चेंडू ग्रीनवर, झेंड्याच्या जवळ टाकणे हे निर्विवाद कौशल्य आहे. पण शेवटच्या दोन-चार फुटांत तो कुठे वळतो, एखाद्या उंचवट्यावर आपटतो की खळग्यात शिरतो, हे जगातला सर्वोत्तम खेळाडूही ठरवू शकत नाही. अमेरिकी गणितज्ञ फ्रान्सिस शाइड यांनी 1999 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सर्वसाधारण हौशी खेळाडूची शक्यता 12,000 मध्ये एक, चांगल्या हौशी खेळाडूची 5,000 मध्ये एक आणि अव्वल व्यावसायिकाची 3,000 मध्ये एक एवढी असते. म्हणजे कौशल्याने शक्यता चौपट होते, तरीही ती अत्यल्पच राहते. विम्याचा धंदा नेमका या दोन गोष्टींवर चालतो.

समजा, क्लबच्या स्पर्धेत 100 हौशी खेळाडू आहेत आणि एकाच होलवर 50 लाखांची मोटार ठेवली आहे. बक्षीस जाण्याची शक्यता 120 मध्ये एक, म्हणून जोखमीची निव्वळ किंमत 42 हजार रुपयांच्या आत येते. त्यावर कंपनीचा खर्च, पुनर्विमा, नफा आणि 18 टक्के वस्तू व सेवा कर चढतो. तरीही प्रायोजकाला मोटारीच्या किमतीच्या अल्प अंशात दिवसभराची जाहिरात मिळते. तीच मोटार व्यावसायिकांच्या स्पर्धेत ठेवली, 120 खेळाडू पहिल्या दोन दिवशी आणि त्यांतील 60 पुढचे दोन दिवस खेळले, तर त्या होलवर 360 फटके होतात. शक्यता 12 टक्क्यांवर जाते आणि जोखमीची किंमत 6 लाखांवर. खेळाडू किती आणि कोणत्या दर्जाचे, हे विमा कंपनी आधी लेखी का मागते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. शंभर खेळाडू कळवून दीडशे खेळविले किंवा हौशींच्या यादीत एखादा व्यावसायिक घुसला, तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते.

सर्वांत नाजूक अट अंतराची असते. टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, मैदानावर रोज हलविली जाते; गवताची झीज, पाऊस, प्रेक्षकांची सोय अशी त्याची साधी कारणे असतात. पॉलिसीत मात्र किमान अंतर ठरलेले असते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात जुलै 2015 मध्ये ग्रीनब्रायर क्लासिक स्पर्धेत हे महागात पडले. अठराव्या होलवर पहिला होल-इन-वन झाल्यास तेथे बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला 100 डॉलर आणि दुसरा झाल्यास 500 डॉलर, अशी घोषणा होती. जॉर्ज मॅकनील आणि जस्टिन थॉमस या दोघांनी एकाच दिवशी तो साधला. सुमारे 2 लाख डॉलर तेथल्या तेथे वाटले गेले. नंतर विमा कंपन्यांनी हात वर केले, कारण त्या दिवशीचे अंतर करारातल्या किमान अंतरापेक्षा कमी होते. प्रकरण न्यायालयात गेले. प्रेक्षकांना पैसे मिळाले होते, भुर्दंडाचा वाद आयोजक संस्थेच्या माथी आला.

भारतात असे घडले आणि आयोजकाने आधी पैसे वाटले नसले, तर खेळाडूचे काय? विमा पॉलिसी हा आयोजक आणि कंपनी यांच्यातला करार आहे. खेळाडू त्यात पक्षकार नसतो. त्याचा हक्क पाटीवरच्या वचनातून येतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या आठव्या कलमानुसार प्रस्तावातील अट पूर्ण करणे हाच त्याचा स्वीकार ठरतो. मात्र प्रस्ताव माहीत असायला हवा. हरवलेला मुलगा शोधून आणणाऱ्या नोकराला इनामाची घोषणाच ठाऊक नव्हती, म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1913 मध्ये लालमन शुक्ल प्रकरणात त्याचा दावा फेटाळला होता. टीवर उभ्या खेळाडूसमोर मोटार आणि पाटी दोन्ही असतात, त्यामुळे ही अडचण त्याला नाही. पेनसिल्व्हेनियात 1987 मध्ये तर एका विक्रेत्याने आधीच्या धर्मादाय स्पर्धेची पाटी आणि मोटार काढून नेण्यास हलगर्जी केली. दोन दिवसांनी दुसऱ्याच स्पर्धेतील एका खेळाडूने त्या नवव्या होलवर होल-इन-वन केला. पाटी चुकून राहिली, हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि मोटार द्यावी लागली. तो निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण आठव्या कलमाचा रोख तोच आहे. विमा कंपनीने दावा फेटाळला, हे आयोजकाचे खेळाडूला उत्तर होऊ शकत नाही. तशी अट पाटीवर किंवा प्रवेशपत्रिकेवर स्पष्ट लिहिली असेल तरच गोष्ट वेगळी.

करार कायद्याचेच तिसावे कलम पैजेचे करार रद्दबातल ठरविते. गंमत अशी की त्याला असलेला एकमेव अपवाद घोड्यांच्या शर्यतीतील 500 रुपये वा अधिक किमतीच्या बक्षिसाचा आहे, गोल्फचा नाही. तरीही होल-इन-वनचा विमा पैज ठरण्याचा धोका कमी दिसतो, कारण वचन दिलेल्या आयोजकाचे खरे नुकसान होऊ शकते आणि विमा त्या नुकसानीपुरताच असतो. खेळाडूही मोटारीवर पैसे लावत नाही. मोटारीच्या संधीसाठी वेगळे शुल्क घेतले जाऊ लागले, तर मात्र गिंडीचा निकष पुन्हा तपासावा लागेल, आणि वर दिलेले 12,000 मध्ये एक हे प्रमाण तेव्हा कौशल्याच्या बाजूने फार बोलणार नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला यात दहीहंडी आठवेल. थरांसाठी लाखोंची बक्षिसे तेथेही जाहीर होतात. फरक असा की गोविंदांसाठी सरकार काढते तो अपघात विमा असतो. बक्षिसाचा भार आयोजकाच्या शब्दावरच राहतो.

मोटार हाती येण्याआधी कराचा टप्पा येतो. खेळांतील बक्षिसांवर 30 टक्के दराने करकपातीची तरतूद प्राप्तिकर कायद्यात असून, वस्तुरूप बक्षीस देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. होल-इन-वनची मोटार या तरतुदीत बसविली, तर 50 लाखांच्या मोटारीसाठी विजेत्याला किमान 15 लाखांची तजवीज करावी लागते. पाटीवर हे सहसा लिहिलेले नसते. हौशी दर्जा मात्र जात नाही. फेरीत साधलेल्या होल-इन-वनचे कितीही मोठे बक्षीस हौशी खेळाडूला घेता येईल, असे गोल्फच्या नियामक संस्थांनी 2012 पासून ठरविले आहे.

एरवी भारतात गोल्फ आणि विमा यांचे नाते साधे राहिले आहे. गोल्फपटूंसाठीच्या पॉलिसीत साहित्य, अपघात आणि इतरांना झालेली इजा यांसोबत होल-इन-वननंतर क्लबमध्ये द्याव्या लागणाऱ्या मेजवानीचा खर्चही भरून मिळतो. जपानमध्ये तर यासाठीच लोक विमा उतरवितात. मोटारीचा विमा त्याहून वेगळ्या जातीचा आहे. तो उतरविणाऱ्या क्लबच्या सचिवाने स्पर्धेच्या सकाळी मैदानाच्या कर्मचाऱ्याकडून टीचे अंतर मोजून घेणे, ते लिहून ठेवणे आणि त्या होलवर खेळाशी संबंध नसलेला साक्षीदार दिवसभर बसविणे, ही दावा टिकण्याची किमान तयारी आहे.

गिंडीत मात्र टी कुठे लावायची, हा प्रश्न तूर्त मागे पडला आहे. चेन्नईच्या गोल्फपटूंना नंदनमचे मैदान आहे. गिंडीच्या मूळ भाडेपट्ट्याची मुदत कागदोपत्री 2044 पर्यंत होती.