टार्गेट कोण ठरवतं?

परवा मेसमध्ये प्लेसमेंटचा विषय निघाला. एकजण म्हणाला, "कोअर कंपनीत जाऊन करायचं काय? शॉप फ्लोअरवर उभं राहून हेल्परांवर ओरडायचं!" सगळे हसले. मीही हसलो, पण घास जरा अडकला. मित्रांनो, त्या हेल्परांपैकी एक मी होतो.

२०२२ ला डिप्लोमा झाला, पण थेट द्वितीय वर्षाच्या फीची सोय होईना. म्हणून एक वर्ष भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून लागलो. एका खोलीत सहा जण. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गादीवर आडवे व्हायचे. असो. कष्टाची कहाणी सांगायला बसलेलो नाही. सांगायचं आहे ते वेगळंच.

माझ्या शेजारच्या प्रेसवर एक मामा होते, धाराशिवकडचे. शॉपमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणायचे आणि ते मला "इंजिनियर" म्हणायचे. प्रेस कसा चालवायचा ते त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, "आवाज बदलला की आधी हात मागं घ्यायचा. काय झालं ते मग बघायचं." हे आपल्या कुठल्याही टेक्स्टबुकात नाही.

५० टनांचा जुना प्रेस, रोलिंग की क्लचचा. या क्लचची की एकदा पकडली की क्रँक पूर्ण फेरा मारणारच, मध्ये थांबवता येत नाही. म्हणून त्याला दोन बटणं असतात, सिरीजमध्ये. दोन्ही हात बटणांवर असले तरच स्ट्रोक बसतो, म्हणजे डायमध्ये एकही हात नसतो. साधी, पण हुशार गोष्ट.

एक दिवस सुपरवायझर म्हणाले, "तू डिप्लोमावाला ना? ते एक बटण बायपास करून टाक. एका हाताने स्ट्रोक, दुसऱ्या हाताने नग काढायचा." मी माझ्या प्रेसला जंपर मारला, मग मामांच्याही. दहा मिनिटांचं काम. खरं सांगतो, त्या दिवशी मला भारी वाटलं होतं. हेल्पर असून वायरिंगला हात लावायला मिळाला!

दीड महिन्याने रात्रपाळीत, पहाटे साडेचारच्या सुमाराला, मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. आवाज बदललाच नव्हता. प्रेस अगदी बरोबर चालला होता.

सकाळची पाळी यायच्या आत जंपर काढायलाही मलाच सांगितलं. मी काढला आणि गप्प बसलो. रिपोर्टमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. वास्तविक तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमाप्रमाणे यंत्राचे धोकादायक भाग सुरक्षित करण्याची जबाबदारी कारखान्याची होती. पण टार्गेटचा बोर्ड होता तसाच राहिला, आणि आठवड्याभरात जंपर परत लागला. तो मी लावला नाही, एवढंच.

गेल्या वर्षी वर्क स्टडी शिकताना तो बोर्ड आठवला आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. जेवणाची सुट्टी सोडून काम आठ तास, म्हणजे २८,८०० सेकंद. टार्गेट ४,८०० नग. नगामागे ६ सेकंद. दोन्ही बटणं दाबून काम केलं तर माझ्या घड्याळाप्रमाणे ७ सेकंद लागायचे. म्हणजे पाणी प्यायलासुद्धा न उठता फार तर ४,११४ नग. उरलेले ६८६ नग बटण बायपास केल्याशिवाय निघणारच नव्हते. अपघात त्या बोर्डावर खडूने लिहिलेला होता, आणि लिहिणारा हेल्पर नव्हता. आपल्यासारखाच कोणीतरी शिकलेला माणूस होता.

यावर लोक म्हणतात, "रेट परवडत नाही, काय करणार?" पण तो एक सेकंद वाचवायला जंपरच कशाला? नग हाताने न काढता हवेच्या झोताने बाहेर उडवता आला असता. कॉम्प्रेसरची लाइन दहा फुटांवर होती. मलाही हे तेव्हा सुचलं नाही. जंपर मात्र लगेच सुचला.

मामा आता गावाकडे असतात. फोन केला की अजून "काय इंजिनियर?" असंच म्हणतात. जंपर कोणी मारला ते त्यांना माहीत आहे. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मलाही काढता आलेला नाही.

आपल्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये एक वाक्य सीनियर्सच्या फाइलवरून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय : 'कंपनीत सेफ्टीला सर्वोच्च प्राधान्य दिले जाते.' माझ्याही रिपोर्टमध्ये आहे. मला वाटतं, ते वाक्य काढून तिथे एक पान खरं लिहावं. एका ऑपरेटरशेजारी घड्याळ घेऊन उभं राहायचं, सगळे गार्ड जागेवर असताना एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि बोर्डाशी ताडून बघायचं. सरांना आणि मॅडमना विनंती, की व्हायवामध्ये कंपनीचा टर्नओव्हर विचारण्यापेक्षा हे दोन आकडे विचारा.

दोन-तीन वर्षांत त्या बोर्डाचा खडू आपल्याच हातात येणार आहे.