खाटेवरची मुलगी आणि गावाचा 5 टक्के निधी

धानोरा तालुक्यातल्या एका गावात आठ वर्षांची मुलगी आहे. सेरेब्रल पाल्सी. मान कशीबशी सावरते, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. शिबिरात तिला तीनचाकी सायकल मिळाली. हातानं चालवायची! आज त्या सायकलवर सरपण रचलेलं असतं आणि मुलगी खाटेवर असते. वाटपाचा फोटो मात्र निघाला.

तिला हवी होती स्टँडिंग फ्रेम, म्हणजे उभं राहण्याची चौकट. छाती, कंबर, गुडघे पट्ट्यांनी धरणारी, पुढं फळी असलेली. रोज थोडा वेळ पायांवर भार आला तर आखडलेपण रोखायला, हाडांना, पोट साफ व्हायला मदत होते. आणि मूल छताकडं नाही, माणसांकडं बघायला लागतं.

'दिव्यांग' म्हणून गौरव करायचा आणि हक्काची वस्तू द्यायची नाही, हा प्रकार 'हरिजन' शब्द नाकारलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना नव्यानं सांगायला नको. 2016 च्या कायद्याचं कलम 17 म्हणतं, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला योग्य सहाय्यक साधन 18 वर्षांपर्यंत मोफत. योग्य! शिबिरात शिल्लक असेल ते नव्हे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के अपंगांवर खर्चायचे असतात. मी पाहिलेल्या गावांत मार्चअखेर माणशी थोडेथोडे पैसे वाटून तो निधी संपवतात.

जंगलातल्या ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न ते किती, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण चौकट काही विमान नाही. मेक्सिकोतल्या आहोया गावात 1981 पासून प्रोजिमो या कार्यक्रमात अपंग माणसंच अशी साधनं बनवत. त्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी 1987 मध्ये 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन' हे पुस्तक लिहिलं. लाकूड, पट्टे, फिजिओथेरपिस्टनं घेतलेलं माप आणि गावचा सुतार. माप मात्र तज्ज्ञाचंच हवं. चुकीच्या चौकटीनं इजा होते, आणि मूल वाढतं तशी चौकटही बदलावी लागते.

लाकडाचं म्हणाल तर 29 मार्च 2023 ला बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान मिरवणुकीनं गेलं. आलापल्लीच्या जंगलातलं. त्याच जिल्ह्यातल्या लेकराला चार फळ्या मिळायला कोणती मिरवणूक काढावी?

एक गोष्ट मला उशिरा कळली. चौकट घरी दिली तर ती कोपऱ्यात पडते. आई रोवणीला जाते, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाते. रोज पट्टे बांधून मुलीजवळ बसायचं कोणी? आजीला तिला उचलवत नाही. म्हणून चौकट शाळेत किंवा अंगणवाडीत हवी. तिथं समोर पाटी असते, बाकीची पोरं असतात.

14 एप्रिलच्या वर्गणीतून एखादी चौकट करू, असं काही मित्र म्हणतात. मन चांगलं आहे, पण मला ते पटत नाही. वर्गणीनं ग्रामपंचायत सुटते. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला चौघं जा, 5 टक्के निधीचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब लेखी मागा, आणि त्या मुलीच्या आईला बोलू द्या. तेव्हा रोवणी संपत आलेली असते. ती येईल.