वार्धक्यातील विमाछत्र आणि आपण वैद्य

दोषांचा संचय होत असतानाच प्रतिकार करावा, हा सुश्रुतोक्त क्रियाकालाचा उपदेश आम्ही रुग्णांना नित्य करीत असतो. स्वतःच्या आरोग्यविम्याच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी पुष्कळ जण भेदावस्थेपर्यंत स्वस्थ बसतात. खाजगी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास निवृत्तिवेतन नाही, मालकाने भरलेला विमाही नाही. औषधी दुकानाच्या मालकांची स्थितीही हीच. मग साठी जवळ आली की अभिकर्त्याकडून चार कंपन्यांचे हप्ते मागवावयाचे आणि सर्वांत कमी हप्त्यावर बोट ठेवावयाचे, असा प्रघात पडला आहे. आमच्या मते ही तुलनाच नव्हे.

आमचे एक ज्येष्ठ व्यवसायबंधू गतवर्षी पडले आणि खुब्याचे हाड मोडले. वय ६८. ६३व्या वर्षी, हप्ता कमी म्हणून घेतलेली ३ लाखांची पॉलिसी त्यांच्याजवळ होती. रुग्णालयाचे देयक झाले २,४०,००० रुपये. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमाराशीच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. मिळालेली खोली ६,०००ची. त्यामुळे केवळ भाडेच नव्हे, तर शस्त्रकर्म, भूल, शुश्रूषा यांचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे धरले गेले. औषधे, कृत्रिम सांधा व तपासण्या यांचे ९०,००० पूर्ण मान्य झाले, उरलेल्या दीड लाखाचे ७५,००० झाले, आणि या १,६५,०००मधूनही २० टक्के सहभरणा वजा झाला. हाती आले १,३२,०००. उरलेले १,०८,००० त्यांनी दिवाळीच्या औषधखरेदीसाठी राखलेल्या रकमेतून भरले. हे सारे पॉलिसीत छापलेले होते, त्यामुळे फसवणूक झाली असेही म्हणता येईना.

म्हणून कोणती कंपनी चांगली, हा प्रश्नच आम्हास अपुरा वाटतो. सरकारी चार कंपन्या असोत वा खाजगी, एकाच कंपनीच्या एका पॉलिसीत सहभरणा असतो, दुसरीत नसतो. तुलना करावयाची ती पॉलिसीच्या मूळ मसुद्यांची. सहभरणा किती, खोलीभाड्यास मर्यादा आहे का, मोतीबिंदू वा सांधेरोपणास वेगळी कमाल रक्कम आहे का, पूर्वव्याधीचा प्रतीक्षाकाल किती, आणि आपल्या गावाजवळची कोणती रुग्णालये विनारोकड सेवेत आहेत, हे प्रथम पाहावे, हप्ता त्यानंतर. साठीनंतरचा हप्ताही आजच विचारून ठेवावा.

नियम काही अंशी आपल्या बाजूस झुकले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून पूर्वव्याधीचा प्रतीक्षाकाल कमाल ३ वर्षे झाला, आणि सलग ५ वर्षे पॉलिसी चालल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी विमा नियामकाशी विचारविनिमय बंधनकारक झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आला. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाखांचे छत्र आहे. तथापि तेथे रुग्णालये व उपचार ठरलेले. मधुमेह वा रक्तदाबाची नोंद होण्यापूर्वी, पन्नाशीच्या आत, स्वतःची पॉलिसी घेणे हेच आम्हास श्रेयस्कर वाटते.

आता आपल्या शास्त्राविषयी. एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. परंतु रुग्णालयास किमान ५ खाटा, अहोरात्र वैद्य आणि नित्य नोंदी हव्यात. केवळ आरोग्यवर्धनासाठी केलेली पंचकर्मे सहसा संरक्षणात बसत नाहीत. येथे आम्हास एक कबुली द्यावयाची आहे. त्याच व्यवसायबंधूंना शस्त्रकर्मानंतर कटिस्तंभ व पादशूल यांसाठी दहा दिवस आमच्या रुग्णालयात ठेवून बस्तिचिकित्सा केली. सुटीचे पत्र लिहिताना मात्र आम्ही घाईत ‘बल्य व शोधन चिकित्सा’ एवढेच लिहिले. निदान नाही, दाखल करण्याचे कारण नाही. कंपनीने हा पुष्टिकारक उपचार ठरवून दावा परत पाठविला. लेखणी आमची, भुर्दंड त्यांना! रुग्णांची सुटीची पत्रे आपण अशीच लिहीत आलो असू, तर त्यांच्या किती दाव्यांवर आपल्याच हाताने पाणी पडले असेल?

दैनंदिन नोंदींच्या मूळ प्रती जोडून आम्ही खुलासा पाठविला आहे. महिनाभरात उत्तर न आल्यास त्यांच्यासमवेत पुण्यास विमा लोकपालांकडे जाणार आहोत. तेथे शुल्क लागत नाही, आणि वकीलही चालत नाही.