ऊर्जा कोकणची, हात कोणाचे?

कोकणात ऊर्जाप्रकल्पाचे नाव निघाले की समर्थक आणि विरोधक असे दोनच पक्ष उभे राहतात. दाभोळ, जैतापूर, नाणार, बारसू ही या संघर्षाचीच नावे होत. जमीन, मासेमारी आणि आंबा-काजूच्या बागा यांविषयीची चिंता रास्तच आहे. मात्र तीन दशकांच्या या गदारोळात एक मूलभूत प्रश्न मागे पडला. उद्या काम आलेच, तर ते करणारे हात कोकणचे असतील काय?

प्रकल्प उभारताना हजारो हात लागतात. उभारणी संपली की उरतात ती प्रशिक्षित तंत्रज्ञांची मोजकी पदे. ज्याने आधी तयारी केली नाही, त्या भूमिपुत्राच्या वाट्याला खोदाई आणि पहाराच येतो. शिवाय मे २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला, तेव्हा एकाच प्रकल्पावर विसंबण्यातील धोकाही दिसला.

आज तर काम दारातच आले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. किनाऱ्यावरील खारा वारा आणि धुवांधार पाऊस यांत सांगाडे गंजतात, जोडण्या सैल होतात. त्यांची देखभाल परगावच्या माणसाने किती काळ करावी? मे २०२१ च्या तौक्ते वादळात विजेचे खांब कोसळले, तेव्हा गावातल्या कुशल हातांचे मोल सिंधुदुर्गाने अनुभवलेच आहे.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीला कसब परके नाही. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यानपिढ्या घरातच शिकवून जिवंत ठेवली. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना मिळालेली पद्मश्री हा त्या साधनेचाच सन्मान होय. अशा गावातल्या मुलांचे बोट यंत्रावर बसणार नाही, असे कोण म्हणेल? उणीव आहे ती रीतसर शिक्षणाची आणि परवान्याची.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावात वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता किती, त्यांपैकी परवानाधारक किती, याची नोंद करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्या नोंदीवरून अभ्यासक्रम आखावेत. स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन ही गणना पुरी करावी. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानतो. त्या दिवशी अशी एक यादी गावापुढे वाचली जावी. प्रकल्प हवा की नको, हा वाद चालू राहील. परंतु सिद्ध झालेला हात कोणत्याही निर्णयात वाया जात नाही.