एकाच कानाने ऐकू येतं!

परवा दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. मला वाटलं, कढीपत्ता आणला असेल. पण पिशवीतून निघाले तीन हेडफोन. एक जुना, वायर मळून करडी झालेला, आणि दोन नवेकोरे. "ताई, तुमच्याकडे चालतायत का बघा हो. माझ्या नशिबात काही हेडफोन नाही. जो आणावा तो एकाच कानाने ऐकू येतो."

जुन्यातून महिन्यापूर्वीच बोलणं नीट होईना, म्हणून त्यांनी बसस्टँडजवळच्या दुकानातून दीडशे रुपयांचा नवा आणला. चार दिवसांत त्याची डावी बाजू बंद. दुकानदार म्हणाला, "मावशी, हा लोकल आहे, चांगला घ्या." मग अडीचशेचा आणला. त्याचंही तेच! पुन्हा गेल्या, तर उत्तर मिळालं, "तुमच्या मोबाईलचाच जॅक गेलाय. सात-आठशे खर्च येईल, त्यापेक्षा ब्लूटूथचा घेऊन टाका." पावती मागितली नव्हती, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. घरी यजमान म्हणाले, "कशाला हवाय तुला हेडफोन? कानाला फोन लावून बोलता येत नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर वहिनींनी घरी दिलं नाही, मला दिलं. त्यांच्या आई गावी एकट्या असतात, वडील गेल्यापासून. आईंना ऐकायला कमी येतं, म्हणून त्या बोलतातही मोठ्याने. फोन कानाला लावला तरी पलीकडचा शब्द अन् शब्द खोलीभर ऐकू जातो. घरात सासू-सासरे, दोन मुलं, यजमान. खोल्या दोन आणि एक स्वयंपाकघर. वहिनी रात्री साडेदहाला भांडी घासता घासता कानात हेडफोन घालून आईशी बोलायच्या. हात मोकळे, पाण्याचा आवाज, आणि आईचं बोलणं फक्त त्यांच्या कानात. हेडफोन बिघडल्यावर त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी सासूबाई सहज म्हणाल्या, "तुझ्या आईला तुझ्या भावजयीचं फारच मनाला लागलेलं दिसतंय." बस! तेव्हापासून बोलणं दोन मिनिटांवर आलं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवू?

'एवढं काय गुपित बोलायचं असतं?' असं विचारणारे सगळ्या घरांत असतात. गुपित काहीच नसतं हो. आई तेच तेच सांगते, लेक तेच तेच ऐकते. पण ते दोघींचं असतं. आमच्यासारख्या गावांतल्या घरांत बाईला स्वतःची खोली नसते, कपाटाचा एखादा कप्पा असला तर असतो. दीडशे रुपयांची ही वायर कानात घातली की तेवढ्यापुरती तिला खोली मिळते. म्हणून हेडफोन बिघडणं मला तरी चैनीची वस्तू बिघडल्यासारखं वाटत नाही. आणि म्हणूनच 'जाऊ दे, चालत नाही तर नाही' असं म्हणून आपण तो सोडून देतो, याचा मला राग येतो.

आता गंमत बघा. कुकरची शिट्टी होत नसली तर आपण काय करतो? नवा कुकर आणतो का? आधी रिंग बघतो, मग शिट्टीच्या भोकात भाताचं शीत अडकलंय का बघतो. दुसऱ्या कुकरची रिंग लावून पाहतो. मिक्सर फिरेना तर भांडं बदलून बघतो; भांड्याचा दोष की मोटरचा, ते लगेच कळतं. हे आपल्याला कुणी कॉलेजात शिकवलं नाही. मग मोबाईलपाशी आलं की आपले हात का थरथरतात? 'मला नाही बाई त्यातलं कळत, मुलगा आला की बघेल.' मुलगा येतो, दोन मिनिटं खटपट करतो, काय केलं ते सांगत नाही, निघून जातो. आणि बऱ्याचदा फोन त्याचाच जुना, हेडफोनही त्याचाच टाकलेला. म्हणजे बिघडलेलंच आपल्याकडे येतं आणि बिघडवल्याचा आरोपही आपल्यावर!

त्या दिवशी मी आणि वहिनींनी मिक्सरचाच न्याय लावला. आधी तिन्ही हेडफोन माझ्या फोनला लावले. दोन्ही नवे खणखणीत चालले, दोन्ही कानांनी. जुन्यातूनही आवाज नीट आला, फक्त त्यातून बोललेलं पलीकडे जाईना. मग माझा चांगला हेडफोन वहिनींच्या फोनला लावला. एकच बाजू! म्हणजे हेडफोन निर्दोष, दोष फोनकडे. मुंडी मुरगळली होती ती मात्र हेडफोनची.

फोनचं भोक बॅटरी लावून बघितलं, तर तळाशी करड्या रंगाचं काहीतरी. वहिनी फोन गाऊनच्या खिशात ठेवतात. खिशातला सुताचा भुगा रोज थोडा थोडा आत जातो आणि प्रत्येक वेळी पिन खुपसली की तो खाली ठासला जातो. वर्षभरात तिथे चक्क गादी तयार होते. पिन शेवटपर्यंत जातच नाही. फोन बंद केला, दात कोरायची लाकडी काडी घेतली आणि हलक्या हाताने कडेकडेने कोरलं. मसुराच्या डाळीएवढा बोळा बाहेर आला. पिन लावली, टक् आवाज झाला, दोन्ही कान सुरू. सात-आठशे रुपये वाचले ते सोडाच, पण वहिनींचा चेहरा बघायला हवा होता. (सुई, टाचणी किंवा केसातली पिन मात्र यासाठी वापरू नका. आतल्या पत्र्याच्या पट्ट्या नाजूक असतात, धातू लागला की कायमच्या वाकतात. आणि तोंडाने फुंकरही नको, थुंकीची वाफ आत जाते.)

ही पिन नीट निरखून बघा एकदा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि दोघांची सामाईक परतीची वाट. तीन रेघा असतील तर चौथा भाग माईकचा. म्हणजे दोन रेघांचा हेडफोन गाण्यापुरता; त्यातून बोललेलं पलीकडे जाणारच नाही. त्यात बिघाड काही नसतो. हे दुकानातच बघून घ्यावं. आणखी एक घोळ असा की, माईक आणि परतीची वाट यांच्या जागा सगळ्या कंपन्यांनी एकसारख्या ठेवल्या नव्हत्या. जुन्या काही हेडफोनांत त्या आजच्यापेक्षा उलट असतात. असा हेडफोन लावला की गाण्यातला गायकच गायब होतो! तबला-पेटी विहिरीतून आल्यासारखी ऐकू येते आणि मुख्य आवाज नाही. कारण परतीची वाट चुकली की दोन्ही कानांतले आवाज एकमेकांतून वजा होतात, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तोच नाहीसा होतो. वायरवरचं बटण दाबून धरलं आणि गायक परत आला, तर समजा की घोळ हाच आहे. हे कळलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. मी तोवर फोनला भूत लागलंय म्हणत होते.

वायर तुटणं हे तर नेहमीचंच. ती तुटते पिनेच्या मुळाशी, नाहीतर जिथे एकीच्या दोन होतात तिथे. आत केसाएवढ्या तांब्याच्या तारा असतात आणि आपण ती वायर फोनभोवती करकचून गुंडाळतो, गजऱ्याच्या दोऱ्यासारखी. गाणं लावून पिनेजवळ हलकेच वाकवून बघा. खरखर झाली, आवाज आला-गेला, तर तार गेली. आवाज एका बाजूने नुसताच बारीक झाला असेल तर कानातल्या टोकाची जाळी बघा. कानातला मळ साचतो, लाजायचं काय त्यात? टोक खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं. सगळं ठीक असूनही एकच कान चालत असेल तर सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाच्या जागी डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते. मुलांच्या खेळात ती एका टोकाला सरकलेली मी स्वतः पाहिली आहे. आणि मुलाच्या ब्लूटूथला तुमचा फोन कधीकाळी जोडलेला असेल, तर तुमची आई त्याच्या खोलीत बोलत असेल आणि तुम्ही इथे 'हॅलो, हॅलो' करत बसाल!

नव्या फोनांचं दुखणं वेगळं. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हे गोल भोक गेलं आणि मग एकेक करत पुष्कळ फोनांतून गेलं. आता चार्जरच्या भोकातच हेडफोन लावायचा, नाहीतर मध्ये जोडतुकडा घ्यायचा. काही फोनांना साधा जोडतुकडा चालतो, काहींना आत छोटी चिप असलेलाच लागतो, कारण ते फोन आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर सोडतात आणि त्याचा पुन्हा आवाज करायला चिप लागते. दोन्ही जोडतुकडे दिसायला जुळे. तेव्हा आपला फोन सोबत नेऊन तिथेच लावून, ऐकून आणि बोलूनही बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

पावतीचंही तसंच. दीडशेच्या वस्तूला पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो. दुकानदार ओळखीचा, उगाच कशाला! पण पावती नसेल तर तो म्हणेल ते खरं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा छोट्या वस्तूलाही लागू आहे, आणि १९१५ या ग्राहक मदतीच्या नंबरवर घरबसल्या तक्रार करता येते. वहिनींच्या बाबतीत माल चांगला होता हे मान्य. पण ज्या दुकानात रोज हेच काम चालतं, तिथे भोकात एकदा बॅटरी मारून बघावंसं कुणाला वाटलं नाही. बाई आली की तिला नवी वस्तू विकायची, तिचं ऐकून घ्यायचं नाही, ही सवय मला जास्त खटकते.

आणि गंमत म्हणजे, 'तुम्हाला नाही कळणार मावशी' म्हणून जी पिन दाखवली जाते, ती मुळात बायकांच्या हातातली. टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या फळ्यांवर अशाच, पण जाड पिना असलेल्या दोऱ्या एका भोकातून दुसऱ्या भोकात लावून माणसं जोडून देत असत. १८७८ साली बोस्टनमध्ये एमा नट पहिली स्त्री ऑपरेटर म्हणून कामाला लागली. त्याआधी हे काम पोरगे करत आणि गिऱ्हाइकांशी उद्धट बोलत. आपल्याकडेही ट्रंक कॉलच्या जमान्यात कानाला हेडफोन लावून, पिना खुपसत रात्रपाळ्या केलेल्या बायका होत्या. आजची बारीक पिन ही त्या जाड पिनेचीच नात. हेडफोनसुद्धा अमेरिकेत नॅथनिएल बाल्डविन नावाच्या माणसाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर बनवून १९१० मध्ये तिथल्या नौदलाला विकले होते. म्हणजे दोन्ही वस्तू आपल्याच मुलखातल्या!

एक मात्र सांगायला हवं. एक कान बंद पडला की आपण दुसऱ्याचा आवाज वाढवतो, आणि ती वाईट खोड लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. आवाज त्याहून चढला की तास झपाट्याने कमी होतात. बिघडलेला हेडफोन महिनोन्महिने एका कानाने रेटण्यापेक्षा दहा मिनिटं बसून दुरुस्त केलेला बरा. आणि रस्त्यावरून चालताना, गाडीवर असताना तो कानात नकोच, चालू असो की बंद.

वहिनींकडे आता दोन चांगले हेडफोन झाले. त्यातला एक त्यांनी आईंसाठी ठेवला आहे, पुढच्या खेपेला गावी घेऊन जाणार. आईंच्या फोनला भोक कुठलं आहे ते आधी भाच्याकडून विचारून घेतलं, हे विशेष. जुना, माईक गेलेला, माझ्याकडेच राहिलाय. आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या, "मला गाणीच ऐकायची असतात, मला चालेल." पण मी म्हटलं, थांबा. वायरवरचं ते माईकचं बारीक छिद्र पिठाने बुजल्यासारखं दिसतंय. उद्या सकाळी उजेडात ब्रश घेऊन बसणार आहोत दोघी.