आद्यकवीचे वाचक किती?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत कोणालाही विचारा, मुकुंदराज ठाऊक असतात. समाधीची वाट कोणीही दाखवेल, ‘आद्यकवी’ ही पदवीही सांगेल. पुढचा प्रश्न मात्र अडचणीचा : त्यांचा ‘विवेकसिंधु’ वाचलाय का? परंपरेने शके 1110, म्हणजे इ.स. 1188 हा या ग्रंथाचा काळ मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या तो शंभर वर्षे आधीचा. काळावर आणि स्थळावर (भंडाऱ्याकडच्या आंभोऱ्याचाही दावा आहे) अभ्यासक हिरिरीने भांडले. ओव्यांच्या गोडीबद्दल कोणी तसे भांडल्याचे ऐकिवात नाही!

अंबाजोगाईच्याच संतकवी दासोपंतांचे तेच. कापडावर लिहिलेली त्यांची सुमारे 40 फुटांची पासोडी पाहायला माणसे आवर्जून जातात. तिच्यावरचे पंचीकरण (पंचमहाभूतांचे वेदान्ती विवेचन) समजून घेणारा विरळाच. सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जाणारा ‘गीतार्णव’ तर नावानेच धाक घालतो.

दोष एकट्या वाचकाचा नाही. जुनी मराठी अवघड, विषय अद्वैताचा. पण ज्ञानेश्वरीही सोपी कुठे आहे? तिला पारायणे मिळाली, कीर्तनकार मिळाले, घरोघरी मोठ्याने वाचणारे मिळाले. मुकुंदराजांच्या वाट्याला परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न आला. 1983 साली अंबाजोगाईत साहित्य संमेलन भरले, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. आद्यकवीचा मान गावाला तेव्हाही होताच, वाचन वेगळे.

म्हणून बीडच्या वाचकांना विनंती : ‘विवेकसिंधु’चे एखादे प्रकरण वाचा आणि कसे वाटले ते आम्हाला कळवा. कंटाळा आला तर तसेच लिहा. तेही छापू.